'तो हसला, पण मनापासून नाही': बायकोला जे दिसतं ते मला का दिसत नाही?

प्रश्न थोडक्यात असा. लिहिणारे गृहस्थ साताऱ्याकडचे, नोकरीमुळे घणसोलीत स्थायिक. पत्नी ऐजॉलची, मिझो. पाच वर्षांचा मुलगा आहे. ते लिहितात: "सोसायटीच्या मीटिंगहून किंवा मुलाच्या शाळेतून परत आलो की बायको म्हणते, त्यांनी कसं बघितलं पाहिलंस ना? मी तिथेच असतो, मला काहीच दिसलेलं नसतं. सेक्रेटरी हसून बोलले, तर ते हसू खोटं होतं म्हणते. तिला वाईट अनुभव आलेत हे मान्य. घर भाड्याने घेताना त्रास झाला, रस्त्यावर 'मोमो' म्हणून हाका मारल्या गेल्या. पण त्यामुळे ती आता सगळ्यांच्याच चेहऱ्यावर द्वेष वाचायला लागली आहे का? तिला समुपदेशनाची गरज आहे का? गंमत म्हणजे सोसायटीतल्या बायका मला सांगतात की तुमच्या मिसेस फार रागीट दिसतात. घरात ती अजिबात तशी नाही."

मी ठाण्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून बरीच वर्षं काम करते. नवी मुंबईतल्या हॉस्पिटलांत नोकरी करणाऱ्या ईशान्येकडच्या नर्सेस, कॉलेजात शिकायला आलेली आफ्रिकी मुलं, मराठी-मणिपुरी, मराठी-नागा जोडपी माझ्याकडे येतात. त्यामुळे तुमचा प्रश्न मला नवा नाही. तुम्ही शेवटचं वाक्य 'गंमत म्हणजे' म्हणून जाता जाता लिहिलंय. मी मात्र तिथूनच सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रात चेहरा चुकीचा वाचल्याचा पक्का पुरावा तेवढाच आहे. शेजारणी तुमच्या पत्नीच्या चेहऱ्यावर राग वाचतात आणि तो तिथे नसतो. तरीही शंका तुम्ही पत्नीच्या नजरेबद्दल घेताय, शेजारणींच्या नाही. असं का, याचा विचार करून पाहा.

चेहऱ्यावरच्या भावना ओळखण्यात आपण आपल्या गटातल्या माणसांबाबत जास्त अचूक असतो. हिलरी एल्फेनबाइन आणि नलिनी अंबाडी यांनी २००२ साली तोवरच्या ९७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्यात हे स्पष्ट दिसलं. त्यातले दोन तपशील मला फार महत्त्वाचे वाटतात. एक म्हणजे, दोन गटांचा एकमेकांशी संबंध जितका जास्त, तितका हा फरक कमी. संबंध मोजायला त्यांनी काय काय घेतलं, तर एकाच देशात राहणं, भौगोलिक जवळीक आणि चक्क दोन्हीकडच्या लोकांमधलं टेलिफोनवरचं बोलणं. दुसरा तपशील तुमच्या घरासाठी जास्त कामाचा आहे. बहुसंख्याकांना अल्पसंख्याकांचे चेहरे जितके वाचता येतात, त्यापेक्षा अल्पसंख्याकांना बहुसंख्याकांचे चेहरे जास्त चांगले वाचता येतात.

मला यात नवल वाटत नाही. तुमच्या पत्नीला दिवसभर आपल्यासारख्यांचे चेहरे वाचावेच लागतात: घरमालक, वॉचमन, शाळेतल्या टीचर, बँकेतला माणूस. तिचा चेहरा वाचायची गरज यांपैकी कुणालाच पडत नाही. तिचं शांत राहणं शेजारणींना फणकारा वाटलं, तर त्यांचं काही बिघडत नाही. तिचा अंदाज चुकला तर मात्र तिचं काम अडतं.

आणि हे नुसतं अपरिचयातून होत नाही, पूर्वग्रहही त्यात भर घालतो. कर्ट ह्युगेनबर्ग आणि गॅलन बोडेनहाउसन यांनी २००३ मध्ये गोऱ्या अमेरिकन लोकांना कॉम्प्युटरवर तयार केलेल्या चेहऱ्यांच्या छोट्या फिती दाखवल्या. चेहऱ्यावरचा राग हळूहळू ओसरत जाऊन तिथे हसू येतं. राग संपला असं वाटेल तिथे थांबायचं, एवढंच काम. ज्यांच्या मनात नकळत असलेला पूर्वग्रह जास्त होता, त्यांना कृष्णवर्णीय चेहऱ्यावरचा राग जास्त वेळ टिकलेला दिसला. 'मी भेदभाव मानतो की नाही' या सरळ प्रश्नाच्या उत्तरांचा या निकालाशी संबंध लागला नाही, हे विशेष. म्हणजे तुमच्या शेजारणी तुम्हाला 'आम्ही असलं काही मानत नाही हो' असं म्हणतील आणि ते खरंच त्यांच्या मनातलं असेल. चेहरा वाचताना मात्र त्यांचं मन वेगळंच काम करत असेल.

शाळेबद्दलही इथेच सांगते. अमेरिकेत शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेणाऱ्यांवर एमी हाल्बरस्टॅट आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास केला, तो २०२० मध्ये छापून आला. मुलांच्या चेहऱ्यावरची भावना ओळखायची होती. चेहऱ्यावर राग नसताना राग दिसण्याची चूक कृष्णवर्णीय मुलामुलींच्या बाबतीत जास्त झाली. उद्या तुमच्या मुलाच्या वहीत किंवा पालकसभेत 'चिडका आहे', 'घुम्या आहे' असं काही आलं, तर टीचरना शांतपणे एकच विचारा: त्याने नेमकं काय केलं? ढकललं, चावला, वस्तू फेकली, तर त्यावर बोलू. नुसतं 'चेहराच तसा असतो त्याचा' असं उत्तर आलं, तर ती मुलाच्या वागण्याबद्दलची तक्रार नव्हे.

आता सेक्रेटरींचं हसू.

फ्रेंच डॉक्टर द्युशेन यांनी १८६२ सालीच दाखवलं होतं की मनापासून हसताना ओठांचे कोपरे वर जातात आणि त्याबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो. ओठ हुकमी हलवता येतात, डोळ्यांभोवतीचा स्नायू तितक्या सहज हुकमी हलवता येत नाही. (हा नियम शंभर टक्के पाळला जात नाही, बऱ्याच लोकांना खोटं हसूही डोळ्यांपर्यंत नेता येतं. राजकारण्यांवरून तुमच्या लक्षात आलंच असेल.) म्हणजे खरं-खोटं हसू ओळखायचं तर डोळ्यांकडे बघावं लागतं. कॅनडातल्या जस्टिन फ्रीसेन, केरी कावाकामी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये नेमकं हेच तपासलं. गोऱ्या लोकांना गोऱ्या चेहऱ्यांवरचं खरं आणि खोटं हसू जितकं वेगळं करता आलं, तितकं कृष्णवर्णीय चेहऱ्यांवरचं करता आलं नाही. नजरेचा माग घेतल्यावर कळलं, परक्या गटाच्या माणसाच्या डोळ्यांकडे त्यांनी कमी पाहिलं होतं.

याची दुसरी बाजू तुमच्या पत्नीची. मायकेल बर्नस्टीन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये काही लोकांना, आपल्याला कुणी वगळलं किंवा नाकारलं असा प्रसंग लिहून काढायला लावला. इतरांना साधं काहीतरी लिहायला दिलं. मग सगळ्यांना हसऱ्या चेहऱ्यांच्या फिती दाखवल्या. नाकारलं गेल्याची आठवण ज्यांच्या मनात ताजी होती, त्यांना खरं आणि खोटं हसू जास्त चांगलं ओळखता आलं. केवळ एका लिहिलेल्या आठवणीने हे झालं. ज्या बाईला 'तुमच्यासारख्यांना आम्ही फ्लॅट देत नाही' हे वेगवेगळ्या शब्दांत ऐकावं लागलं, तिची नजर किती सराईत झाली असेल?

म्हणून सेक्रेटरींच्या हसण्याबाबत पैज लावायची वेळ आली, तर मी तुमच्या पत्नीच्या बाजूने लावीन. तुम्ही त्यांच्याकडे पाहत होता तेव्हा त्यांचं हसू तुमच्यासाठी होतं, हेही विसरू नका. एकच माणूस एकाच मिनिटात नवऱ्याकडे एक आणि बायकोकडे दुसरा चेहरा करून बघतो, आणि तुम्ही शेजारी उभे असलात तरी तो दुसरा चेहरा तुमच्या वाट्याला येत नाही.

पण इथे मी थांबले तर तुम्हाला अर्धंच उत्तर दिल्यासारखं होईल.

संकेत ओळखण्याच्या अभ्यासात दोन गोष्टी वेगळ्या मोजतात. एक म्हणजे तीक्ष्णता: खरा संकेत आणि नुसता गोंगाट यांतला फरक किती कळतो. दुसरी म्हणजे उंबरठा: किती थोड्या खुणेवर आपण 'आहे' म्हणून मोकळे होतो. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावरचा ठिपका विमान आहे की नाही, हे ठरवण्याच्या गरजेतून हा विचार पुढे आला. पडद्यासमोर बसलेला माणूस तरबेज असू शकतो आणि त्याच वेळी प्रत्येक ठिपक्याला विमान म्हणणाराही असू शकतो. भेदभाव सोसलेल्या माणसाच्या या दोन्ही गोष्टी बदलतात. बर्नस्टीन यांच्या प्रयोगात तीक्ष्णता वाढलेली दिसते. उंबरठा खाली आल्याचे पुरावे इतर अभ्यासांत आहेत. सेथ पोलाक यांनी मारहाण सोसलेल्या मुलांवर काम केलं. धूसर चित्र हळूहळू स्पष्ट होत जातं, त्यात या मुलांना राग इतर मुलांच्या आधी, कमी तपशिलातच ओळखू आला. मायकेल इन्झलिक्ट आणि सहकाऱ्यांचा २००८ चा अभ्यास स्त्रियांवरचा आहे. आपल्याला बाई म्हणून कमी लेखलं जाईल अशी अपेक्षा ज्यांच्या मनात पक्की होती, त्यांना पुरुषांच्या चेहऱ्यावरचा तुच्छतेचा भाव जास्त वेळ रेंगाळलेला दिसला.

ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर संध्याकाळी गर्दीतून जाणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. लागलेला धक्का चुकून की मुद्दाम, हे तिला क्षणात कळतं आणि बहुतेकदा बरोबर कळतं. कधीतरी बिचाऱ्या एखाद्याचा खरंच तोल गेलेला असतो आणि तिची जळजळीत नजर फुकट त्याच्यावर पडते. तरी तिने उंबरठा वर न्यावा, असा सल्ला आपण देत नाही. एक खरा धक्का सुटला तर काय होतं, हे तिला माहीत असतं. तुम्ही पुरुष म्हणून त्याच प्लॅटफॉर्मवरून जाता आणि तुम्हाला यातलं काहीच दिसत नाही. तुमचे डोळे चांगलेच आहेत, पण त्यांना ते काम कधी पडलेलं नाही.

एक प्रयोग मी मुद्दाम सांगते, कारण कुणीतरी तो तुम्हाला नक्की फॉरवर्ड करेल. १९८० मध्ये रॉबर्ट क्लेक आणि अँजेलो स्ट्रेंटा यांनी काही लोकांच्या चेहऱ्यावर मेकअपने मोठा व्रण काढला. मग 'व्रण सुकून तडकू नये म्हणून क्रीम लावतो' असं सांगून तो गुपचूप पुसला. व्रण आहे असं समजून ही माणसं अनोळखी व्यक्तीशी बोलून आली आणि समोरची व्यक्ती अस्वस्थ होती, टक लावून बघत होती असं सांगू लागली. 'बघा, सगळं मनाचे खेळ!' असा अर्थ लोक काढतात. प्रयोग उत्तम आहे, अर्थ घाईचा आहे. आपल्यावर डाग आहे असं वाटलं की माणूस समोरच्याच्या साध्या हालचालीलाही तोच अर्थ लावतो, एवढं त्यातून कळतं. तो व्रण काही मिनिटांपूर्वीचा होता आणि प्रत्यक्षात नव्हताच. तुमच्या पत्नीचा चेहरा जन्मापासूनचा आहे, आणि 'मोमो' ही हाक कुणाच्या कल्पनेतली नव्हती.

मग बरोबर कोण? हसण्याबद्दल ती, हे वर सांगितलं. लिफ्टमध्ये आठ्या घालून उभ्या असलेल्या अनोळखी माणसाबद्दल मात्र तिचंही धरू नका आणि तुमचंही धरू नका. लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये या विषयाचा मोठा आढावा घेतला. राग आला असताना माणसं कपाळाला आठ्या घालून बघतात ते जेमतेम ३० टक्के वेळा. आणि आठ्या पडलेल्या असतात तेव्हा राग नसूही शकतो: अपचन असेल, ईएमआयचा विचार चालू असेल, चष्मा घरी राहिला असेल. पॉल एकमन यांनी साठच्या दशकात पापुआ न्यू गिनीला जाऊन केलेल्या कामानंतर चेहरा म्हणजे उघडं पुस्तक, अशी समजूत जगभर पसरली. ठराविक भावना जगभर बऱ्यापैकी ओळखल्या जातात, हे त्यात खरं आहे. पण ते फोटो मुद्दाम ठळक भाव करून काढलेले होते. सोसायटीच्या जिन्यात कुणी तसा चेहरा करत नाही. एवढ्या कमकुवत पुराव्यावर रोज रात्री नवरा-बायकोने खटला चालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी वागणूक बघा. वॉचमन रजिस्टरमध्ये सही कुणाकडून मागतो? तुम्ही एकटे येता तेव्हा, ती एकटी येते तेव्हा, दोघं बरोबर असता तेव्हा? ग्रुपवरच्या तिच्या मेसेजला उत्तर येतं का? हळदीकुंकवाला बोलावणं येतं का, की 'त्यांच्यात नसतं ना' म्हणून परस्पर ठरवून टाकतात? भेदभाव मोजण्यासाठी डेव्हिड विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलेली एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्यात समोरच्याचा चेहरा कसा होता, असा प्रश्न नाही. इतरांपेक्षा कमी सौजन्य मिळालं का, दुकानात-हॉटेलात वाईट सेवा मिळाली का, लोक तुम्हाला अप्रामाणिक समजून वागले का, असे प्रश्न आहेत. आणि 'कधी झालं' यापेक्षा 'किती वेळा होतं' हे त्यात विचारलं जातं. पत्नीशी बोलतानाही हाच रोख ठेवा. 'तुला उगाच वाटतं' हे वाक्य घरातून हद्दपार करा. 'तू काय पाहिलंस, सांग, मला तिथून दिसलं नव्हतं' असं म्हणा. ती कधी स्वतःहून म्हणेल, या वेळी मलाच तसं वाटलं असेल. हे तिने म्हणायचं आहे, तुम्ही नाही.

वागणुकीत खोट सापडली तर पुढचं काम तुमचं. मराठी तुम्हाला येतं, साताऱ्याचे म्हणून तुमची विचारपूस होते, मीटिंगमध्ये तुमचं म्हणणं ऐकून घेतात. सेक्रेटरींना बाजूला घेऊन, आवाज न चढवता, घडलेल्या दोन-तीन गोष्टी सांगा. जमलं नाही तर लेखी द्या. 'आपल्याकडे वंशभेद नसतो, तो अमेरिकेत' असं कुणी म्हणालं, तर संविधानाच्या कलम १५ मध्ये धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांच्याबरोबर वंश हा शब्दही लिहिलेला आहे, हे सांगा. २०१४ च्या जानेवारीत अरुणाचलचा निडो तानिया हा तरुण विद्यार्थी दिल्लीत मारहाणीनंतर मरण पावला. भांडणाची सुरुवात त्याच्या दिसण्यावरून झालेल्या टिंगलीने झाली होती. त्यानंतर ईशान्येकडच्या लोकांच्या प्रश्नांवर उपाय सुचवायला केंद्राने बेझबरुआ समिती नेमली. जात आणि वंश एक नाहीत हे मला कळतं. पण आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा क्षणभर कसा बदलतो हे ज्यांनी अनुभवलंय, अशी माणसं तुमच्या सोसायटीतही असतील. तुमचं म्हणणं त्यांना लवकर समजेल. त्यांच्याशी आधी बोला.

मुलाबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण मला विचारावंसं वाटतं. १९८५ मध्ये सॉर्स, एम्डे आणि सहकाऱ्यांनी एक वर्षाच्या बाळांना काचेच्या टेबलावर ठेवलं. अर्ध्यावर काचेखाली खोल खड्डा असल्याचा भास होत होता आणि पलीकडे आई उभी होती. आईने हसरा चेहरा केला तेव्हा १९ पैकी १४ बाळं रांगत पलीकडे गेली. घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. मुलं जग सुरक्षित आहे की नाही हे आईबापांच्या चेहऱ्यावरून ठरवतात. तुमचा मुलगा सोसायटीच्या गेटमधून येताना आईचा ताणलेला चेहरा बघतो आणि बाबांचा निवांत. दोघांपैकी कुणाचं खरं मानायचं, हा त्याच्यापुढचा पेच तुमच्यापेक्षा मोठा आहे. पाच वर्षांच्या मुलाला सांगता येतं, 'काही लोक आईशी नीट बोलत नाहीत, ते चूक आहे, बाबा त्यांच्याशी बोलणार आहेत.' एवढं पुरतं. बाबा खरंच बोलले पाहिजेत मात्र.

आता समुपदेशन. सतत चेहरे वाचत राहणं दमवणारं असतं आणि त्या दमण्यावर उपाय लागतो. जिथे कुणाचाच चेहरा वाचावा लागत नाही अशा जागा तिला मिळायला हव्यात. वाशी स्टेशनजवळ मिझोराम, आसामसकट कितीतरी राज्यांची भवनं आहेत, तिथे येणारी-जाणारी माणसं असतात. मिझो मंडळींच्या रविवारच्या प्रार्थना असतात. तिकडे ती जात असेल तर तुम्ही मुलाला सांभाळा आणि तिला एकटीला निवांत जाऊ द्या. झोप उडाली असेल, बाहेर जाणं टाळायला लागली असेल, एकच प्रसंग मनात पुन्हा पुन्हा येत असेल, तर समुपदेशकाकडे जरूर जावं.

फक्त समुपदेशक पारखून घ्या. आपल्याकडे विवेकनिष्ठ विचारपद्धतीचा (त्रास देणारे विचार तपासून बदलायला शिकवणाऱ्या उपचारपद्धतीचा) चांगला प्रसार आहे आणि मी स्वतः ती वापरते. पण कच्च्या हातात ती अशी चालते: 'लोक तुमचा द्वेष करतात याला पुरावा काय? लोकांनी तुमच्याशी नीट वागलंच पाहिजे हा तुमचा हट्ट आहे.' ज्या बाईला घर नाकारलं गेलं तिच्याकडे पुरावा मागायचा, म्हणजे तिला आणखी एक चेहरा वाचायला लावायचा, तोही फी देऊन. पहिल्या फोनवरच विचारा की भेदभावाचा अनुभव घेतलेल्या लोकांबरोबर तुम्ही काम केलंय का आणि ते तुम्ही कसं करता. उत्तरात 'आधी काय घडलं ते ऐकून घेतो' असं काही आलं नाही, तर दुसरीकडे विचारा. सत्र इंग्रजीत हवं की हिंदीत, हे तिला ठरवू द्या.

आणि पहिल्या भेटीला दोघंही जा. तिला 'दाखवायला' नेलंय असं व्हायला नको. तुम्हाला काय दिसत नाही, हाही त्या भेटीत बोलायचा विषय आहे.